शब्दचर्चा : ‘ब्लाइंड’ म्हणजे पान न बघता, की पान यायच्या आधी?

परभणीकर :
पोळ्याला गावी गेलो होतो. रात्री माळवदावर सतरंजी टाकली आणि मामांना टेक्सास होल्डेम (पोकरचाच एक प्रकार) शिकवायला बसलो. मामा तिर्रटमधले, म्हणजे तीन पत्तीतले, मुरलेले गडी. प्रत्येकी पन्नास चिंचोके वाटून घेतले, कारण पैसा मधे आला तर वर चहा येणार नाही, असं मामीनं आधीच बजावलं होतं.

पहिल्याच डावाला गाडी अडली. मी म्हणालो, “मामा, बिग ब्लाइंड तुमचा, दोन चिंचोके टाका.” मामांनी टाकले. मग पानं वाटली, तर ते पानांवर हात ठेवून गप्प.
“मामा, पानं बघा की.”
“बिलाइंड हाय ना मी? बगू कसं?”

चूक त्यांची नव्हती. तिर्रटमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल करणारा माणूस, आणि त्याच्यापुढं बघून खेळणाऱ्याला निदान दुप्पट टाकावं लागतं. होल्डेममध्ये ब्लाइंड हे माणसाचं नाव नाही, रकमेचं आहे. पानं वाटायच्या आधी, डीलरच्या डावीकडच्या दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम. पहिल्याची लहान, दुसऱ्याची मोठी, बहुतेक ठिकाणी दुप्पट. पानं आल्यावर खुशाल बघावीत. याला आपल्याकडं चालेल असा शब्द सुचवा. ‘अंध-रक्कम’ वगैरे नको, मामा उठून जातील.

नांदेडकर :
‘बूट’ म्हणा, तिर्रटमध्ये डावाच्या सुरुवातीला मधे टाकतात तो. मामांना कळेल.

परभणीकर :
बूट सगळेच टाकतात. इथं दोघंच टाकतात आणि दर डावाला ते दोघं बदलतात.

पैठणकर :
मग ‘पाळीचा बूट’. कालव्यावरच्या माणसाला पाळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जायकवाडीचं पाणी सुटलं की आज तुमचं रान, उद्या शेजाऱ्याचं. लहान ब्लाइंड म्हणजे अर्धी पाळी, मोठा म्हणजे पूर्ण पाळी.

परभणीकर :
हे घेतलं. उद्या रात्री लावून बघतो.

लातूरकर :
मला अजून खेळच कळला नाही, शब्द कुठून सुचवू? आधी नियम सांगा, थोडक्यात.

परभणीकर :
प्रत्येकाला दोन पानं, फक्त त्यानंच बघायची. मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात : आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). दरवेळी उघडण्याआधी गड्डीतलं वरचं एक पान न दाखवता बाजूला टाकतात. बोली, म्हणजे चिंचोके लावणं, चार वेळा होते : दोन पानं आल्यावर, मग फ्लॉप, टर्न आणि रिव्हरनंतर. शेवटी आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून ज्याची पाच पानं सगळ्यांत भारी त्याचा डाव. किंवा त्याआधीच बाकीचे सगळे पानं टाकून मोकळे झाले तर उरलेल्याचा, मग त्याच्याकडं दुर्री-सत्ती का असेना.

पैठणकर :
रिव्हरला गोदावरी म्हणा आणि मोकळे व्हा.

लातूरकर :
कळलं. आता माझा आक्षेप ‘हँड’वर. पोकर शिकवणारे मराठीत सर्रास ‘तुमचा हात भारी आहे’ असं म्हणतात. आमच्याकडं पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट खेळणाऱ्याला हात म्हणजे जिंकलेली फेरी. हात होतो, हात करतात, मागच्या डावात कमी केले तर पुढच्या डावात समोरचा आपले हात ओढतो. पानं धरलीत तो हात वेगळा. नवख्याला ‘पाच पानांचा हात’ म्हटलं की तो पाच फेऱ्या शोधतो.

परभणीकर :
बरोबर. मी ‘पानं’च म्हणतो. “तुझी पानं भारी.” ‘हात’ला हात लावायची गरजच नाही. ‘डाव’ मात्र एका वाटपासाठी नीट बसतो.

छत्रपती संभाजीनगरहून :
जरा बाजूला जातो. पत्ते तुम्ही पिसता की फेटता? पुण्याकडचे पाहुणे ‘पिसतात’. आमच्या गल्लीत ‘फेटतात’, आणि ‘बाजी’ हा शब्दही रोजचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, त्याची खूण गड्डीतसुद्धा राहिली.

परभणीकर :
आमच्याकडं दोन्ही. मामा फेटतात, मामी पिसते.

आता खरं भांडण सांगतो, ते दुसऱ्या रात्री झालं. मधे पानं अशी : इस्पिकची पंजी, इस्पिकची छक्की, बदाम सत्ती, इस्पिकचा राजा, किलवर दुर्री. मामांकडं बदाम अठ्ठी आणि चौकट नव्वी. माझ्याकडं इस्पिकचा एक्का आणि तिर्री. मामांनी पंजी ते नव्वी ओळीनं मांडली, “सिक्वेन्स!” म्हणून मांडीवर थाप मारली आणि चिंचोके दोन्ही हातांनी ओढायला लागले. मी म्हणालो, मामा, माझा कलर आहे, पाच इस्पिक.
“मंग? सिक्वेन्सपुडं कलर कदी चालला रे? पन्नास वर्सं खेळालोय.”
मी पोकरमध्ये उलटं असतं म्हणालो, तर म्हणे, “उलटं कोन करून ठिवलं? तू?” चिंचोके परत मधे ठेवायला मामीला बोलवावं लागलं.

तिर्रटमध्ये सिक्वेन्स मोठा आणि पोकरमध्ये कलर मोठा, हे खरं. पण का, हे मला सांगता आलं नाही.

जालन्याहून, गणिताची शिक्षिका :
मोजून बघा, भांडण मिटेल. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारांनी येतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० वेळा, साधा कलर १,०९६ वेळा. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पानं घेतली की एकूण प्रकार होतात २५,९८,९६०. तिथं साधा सिक्वेन्स १०,२०० वेळा येतो आणि कलर ५,१०८ वेळाच. पानं दोनच वाढली आणि दुर्मीळपणा उलटला. मामाही बरोबर, भाचाही बरोबर.

आणखी एक गंमत. तिर्रटमध्ये तीन सारखी पानं (ट्रेल) ५२ वेळा येतात, प्युअर सिक्वेन्स (ओळीतली तिन्ही इस्पिक, तिन्ही बदाम अशी) ४८ वेळा. हिशोबानं प्युअर मोठा हवा, पण मानतात ट्रेलला. म्हणजे ‘पन्नास वर्सं’ या पुराव्यालाही खेळात थोडी जागा आहे.

परभणीकर :
बाई, हे आकडे मामांना वाचून दाखवले. “ट्रेल मोटाच ऱ्हानार,” एवढंच म्हणाले.

अंबाजोगाईकर :
‘कलर’ शब्दानंही घोळ होतो. आमच्या वहिनींनी तीन बदाम आणि दोन चौकट मांडून ‘कलर’ म्हटलं. सगळी लालच होती, त्यांचं तरी काय चुकलं? मराठीत चौकट, बदाम, किलवर, इस्पिक यांना आपण ‘रंग’च म्हणतो, म्हणून ‘एकाच रंगाची’ म्हणूनही सुटका नाही. मी आता ‘पाच इस्पिक’, ‘पाच बदाम’ असं नाव घेऊनच सांगतो.

नांदेडकर :
‘चेक’ला काय म्हणता? आपल्या आधी कुणी काही टाकलं नसेल तर आपणही न टाकता पाळी पुढं देणं. मी ‘पास’ म्हणायचो, पण अर्धे लोक पानंच टाकून देतात.

लातूरकर :
बदाम सातमध्ये ‘पास’ म्हणणारा डावात राहतोच की.

नांदेडकर :
राहतो. पण तिर्रटवाल्याला बदाम सात आठवत नाही, ‘पॅक’ आठवतो, म्हणजे पानं टाकून डाव सोडणं.

पैठणकर :
‘खो’. पाळी पुढच्याला दिली, स्वतः जागेवर बसला. खो-खोत खो देणारा बसतोच ना?

परभणीकर :
बसतो, पण दुसऱ्याच्या जागेवर. तरीही आवडला. फक्त कुणी आधीच चिंचोके टाकलेले असतील तर खो देता येत नाही. तेव्हा तेवढेच टाका, वाढवा, नाहीतर पानं ठेवा. ‘ब्लफ’साठी मात्र शोधाशोध नको, ‘हूल’ आहेच. कबड्डीतही हूल, इथंही हूल.

अंबाजोगाईकर :
‘फुल हाउस’ म्हणजे तीन सारखी नि दोन सारखी. ‘भरलं घर’ कसं वाटतं?

परभणीकर :
मामीला विचारलं. म्हणाली, भरलं घर म्हनायचं आन् वरून चार एक्के टाकून मोडायचं, असलं माज्या घरात नको. ते राहिलं.

जालन्याहून, गणिताची शिक्षिका :
‘किकर’ कुणी घेतलाच नाही, म्हणजे जोड्या सारख्या असल्या की निकाल लावणारं जोडीबाहेरचं पान. शिकणारा तिथंच हमखास फसतो. समजा मधे राजा, नव्वी, सत्ती, चौक्की, दुर्री आहेत आणि कलर कुणाचाच होत नाही. एकाकडं राजा-एक्का, दुसऱ्याकडं राजा-राणी. जोडी दोघांची राजाचीच, पण डाव समसमान नाही. पहिल्याची पाच पानं राजा, राजा, एक्का, नव्वी, सत्ती. दुसऱ्याची राजा, राजा, राणी, नव्वी, सत्ती. एक्का जिंकतो. मी मुलांना ‘सोबतचं पान’ सांगते.

नांदेडकर :
सोबतीण म्हणा. आणि एक सांगतो, रागावू नका. ‘तिर्रट’ शब्द मी घरात कमी आणि पेपरात जास्त वाचला. ‘गोलाकार बसून तिर्रट नावाचा जुगार खेळत असताना मिळून आले’ आणि खाली १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ (अ). पोरांना मोबाइलवर शिकवू म्हणाल तर पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं बंदीचा कायदा केलाय. चिंचोके बरे.

परभणीकर :
आम्हीही गोलाकारच बसतो, दुसरं बसणार कसं? चिंचोके मोजून डब्यात ठेवलेत, त्यांतले सतरा मामांनी पहिल्या रात्रीच घरी नेले.

डीलरच्या बटणाचं, म्हणजे या डावाला डीलर कोण ते दाखवणाऱ्या खुणेचं, सांगायचं राहिलं. आमच्याकडं बटण म्हणून चुन्याची डबी ठेवली होती. डाव संपला की ती डावीकडं सरकते आणि तिच्यामागं पाळीचे बूटही. मामांनी स्वतःहून तिला ‘पाटीलकी’ नाव दिलं : “पाटीलकी कुनाकडं हाय?” आता सगळं माळवद तेच म्हणतं. आज रात्री ती माझ्याकडून सुरू होणार आहे. एकानं होते नव्हते ते सगळे चिंचोके लावले आणि बाकीचे अजून वाढवतच असले, तर त्या वाढीचा दुसरा ढीग वेगळा ठेवतात. त्या ढिगाला शब्द असेल तर जेवणाआधी कळवा.