मदत हवी आहे: स्टार्टअपचा रोबो लॉनमोवर घ्यावा का?

जुळे सोलापुरात 2 गुंठे लॉन आहे. हद्दीची वायर जमिनीत न पुरता आरटीके जीपीएसवर (सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा दाखवणारं जीपीएस) चालणारा, गवत कापणारा रोबो एक स्टार्टअप देतेय, पण सगळे पैसे आगाऊ. खरी धास्ती ॲपची आहे. कंपनी गुंडाळली, सर्व्हर बंद पडला, तर नकाशा आणि वेळापत्रक दोन्ही गेलं. इंटरनेट तोडून, नुसत्या ब्लूटूथवर तो चालतो का, हे डेमोत कसं तपासायचं? पाती कुठूनही मिळतील. बॅटरी पॅक आणि चाकाची मोटर कोण देणार?

शिवाय आपला उन्हाळा! बहुतेक लिथियम बॅटऱ्या 45 अंशांपुढे चार्ज करू नयेत, म्हणून डॉक (रोबोचं चार्जिंग स्टँड) कडुनिंबाच्या सावलीत ठेवावा म्हटलं, तर दाट फांद्यांखाली जीपीएसचा सिग्नल तुटतो. आरटीकेचा अँटेना गच्चीवर लावून भागेल का? काळ्या मातीच्या भेगांत पुढचं छोटं चाकही रुततं. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.