लेकरू झालं म्हणून टू-सीटर विकायची का?

खामलेकर: माझ्याकडे सॅन स्टॉर्म ही स्पोर्ट्स कार आहे. गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी, कापडी टप, सीटा दोनच. मुलगी आता मान धरायला लागली आहे आणि गाडी विकावी असं माझं मत झालंय. मागे सीट नाही, आयसोफिक्स (बेबी सीट अडकवायचे हूक) नाही, एअरबॅग नाही. तिघं निघालो की एकाला घरी बसावं लागतं. मे महिन्यातलं नागपूर आणि कापडी टप, यावर तर बोलायलाच नको. पटत नसेल तर सांगा.

सदरचा गॅरेजवाला: काऊन विकून राहिले भाऊ? कंपनी केव्हाच बंद पडली, एकदा गेली की पुन्हा भेटत नाही. इंजिन रेनोचं १.२ लिटर, त्यात काही जादू नाही, सांभाळता येते. फायबर गंजत नाही. लेकरासाठी जुनी वॅगन-आर घ्या, हिला झाकून ठेवा. आठवड्यातून एकदा चक्कर मारली तर बॅटरी बसत नाही.

त्रिमूर्तीनगरची आई: झाकून कुठे ठेवायची? फ्लॅटला पार्किंग एक. आणि ती आठवड्याची चक्कर म्हणजे रविवारी सकाळी रामटेक, हो ना? तेवढा वेळ बाळ कोणाकडे? पूर्ण धाग्यात बायकोचं नावच नाही!

खामलेकर: तीच ठेव म्हणते. लग्नाआधी फुटाळा तलावावर याच गाडीने जायचो. विकायची घाई मला आहे.

वर्धा रोड: १.२ लिटर आणि स्पोर्ट्स कार? आमची स्विफ्ट पुढे निघून जाईल. असो. एअरबॅग नाही हे उलट बरंच. उलट्या तोंडाची बेबी सीट एअरबॅगसमोर लावणं सगळ्यात धोक्याचं, तो प्रश्नच इथे नाही. पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधा आणि चला.

त्रिमूर्तीनगरची आई: एक धोका नाही म्हणून बाकीचे गेले का? लहान मुलाची जागा मागच्या सीटवर. ही गाडी इतकी बुटकी की अमरावती रोडच्या ट्रकवाल्याला दिसणार पण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना बसवलं तर १००० रुपये दंड आहे. पण दंड भरायला आपण शाबूत राहिलो पाहिजे ना.

सदरचा गॅरेजवाला: ताई, लेकराला त्यात बसवा म्हणतच कोण आहे? बाप झाला म्हणजे माणसाने शौकच ठेवू नये का? कॅरम खेळायला गेला असता तर कोणी विचारलं नसतं.

त्रिमूर्तीनगरची आई: कॅरमचा विमा भरावा लागत नाही. पंधरा वर्षांनी आरटीओत नूतनीकरणाला उभं राहावं लागत नाही. आणि आईच्या शौकाचं काय झालं हेही कोणी विचारत नाही.

खामलेकर: ताईंचा शेवटचा मुद्दा लागला. आमची ही पूर्वी रविवारी पोहायला जायची, आता बंद आहे. या महिन्यात जाहिरात टाकतो.

सदरचा गॅरेजवाला: उन्हाळ्यात टाकू नका, उघडी गाडी पाहायला कोणी येत नाही. दसऱ्याला बरा भाव येईल.

त्रिमूर्तीनगरची आई: दसऱ्यापर्यंत थांबले तर विकत नाहीत हे, लिहून घ्या.