सेल्टिक्स 34-26 : 60 सामन्यांत कुठे वैतागलात, कुठे परत वळलात?

गार्डनकर (मेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स)

आज, 20 फेब्रुवारी 2022 ला, क्लीव्हलंडला एनबीएचा ऑल-स्टार (बास्केटबॉलमधल्या निवडक ताऱ्यांचा) सामना आहे आणि आपल्या बोस्टन सेल्टिक्सकडून एकटा टेटम गेलाय. आपला पुढचा सामना थेट गुरुवारी, 24 फेब्रुवारीला. तोवर हातावर हात धरून बसण्यापेक्षा म्हटलं धागा काढू.

60 सामने झाले. 34 जिंकले, 26 हरले. आकडा नुसता वाचला तर बरा संघ आहे, एवढंच वाटेल. पण 6 जानेवारीची रात्र आठवा. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपण 25 गुणांनी पुढे होतो. मग गेल्या वर्षी आपल्याकडेच असलेल्या एव्हान फूर्नियेने 41 गुण कुटले. दीड सेकंद उरला असताना टेटमने 105-105 अशी बरोबरी केली, आणि आर. जे. बॅरेटने लांबून भिरकावलेला चेंडू बोर्डला लागून आत गेला. 108-105. त्या रात्री आपण 18-21 होतो. टेटम आणि ब्राऊन हे आपले दोन मोठे तारे एका संघात नांदूच शकत नाहीत, एकाला विका, हे ऐकून ऐकून कान किटले होते.

त्यानंतरच्या 21 सामन्यांत 16 विजय. त्यातले नऊ सलग.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडा. हे ट्रेडमुळे (संघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीमुळे) झालेलं नाही, कारण डेरिक व्हाइट आला 10 फेब्रुवारीला आणि गाडी त्याआधीच रुळावर आली होती. टेटमने वॉशिंग्टनमध्ये ठोकलेल्या 51 गुणांमुळेही नाही. झालं ते डिफेन्समुळे. स्मार्ट, ब्राऊन, टेटम, हॉर्फर्ड आणि रॉबर्ट विल्यम्स ही पाच माणसं सातत्याने एकत्र मिळायलाच जानेवारी उजाडला. कधी कोणाला कोविड, कधी कोणाचा स्नायू दुखावलेला. ती एकत्र आल्यावर आपल्या कोच उडोकाने रॉबर्टला समोरच्या सेंटरवरून (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच माणसावरून) काढलं आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या, शूटिंग बेताचं असलेल्या माणसावर ठेवलं. सेंटर हॉर्फर्ड सांभाळतो. रॉबर्ट मोकळा फिरतो आणि मागून येऊन शॉट उडवतो. खेळ एवढाच.

आकडे सगळ्यांना मिळतात. तुम्ही कुठून बघत होतात, कधी बंद केलंत, कशामुळे परत लावलंत, ते लिहा. लॉस एंजेलिसच्या लेकर्सवाल्यांना मज्जाव नाही. सध्या त्यांना आधाराची गरज आहे.

सकाळी_सहा (कोथरूड)

बोस्टनची संध्याकाळची साडेसात म्हणजे आपली पहाटेची सहा. थंडीत उठायचं, आवाज बंद ठेवून लीग पास (एनबीएचं ऑनलाइन प्रक्षेपण) लावायचं, आणि हरलेलं तोंड घेऊन साडेआठला ऑफिसचा कॉल घ्यायचा, असा माझा नोव्हेंबर-डिसेंबर गेला.

माझ्या मनात अढी बसली ती शिकागोच्या सामन्यापासून, म्हणजे अगदी 1 नोव्हेंबरपासूनच. शेवटच्या क्वार्टरमध्ये 39-11 असा मार खाल्ला. वर मार्कस स्मार्ट पत्रकारांसमोर बोलून मोकळा, की शेवटी चेंडू टेटम-ब्राऊनकडेच जाणार हे सगळ्या संघांना माहीत आहे आणि हे दोघे पास द्यायला शिकलेले नाहीत. हंगाम सुरू होऊन दोन आठवडेसुद्धा नव्हते झाले हो! घरातलं भांडण असं चव्हाट्यावर आलेलं बघून मला वाटलं, संपलं.

29 डिसेंबरला क्लिपर्सविरुद्ध तर कहर झाला. 42 थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारले, त्यातले 4 पडले. बेचाळीसपैकी चार! त्यातले बरेचसे मोकळे होते, समोर कोणी हात वर करायलाही नव्हतं. त्यानंतर मी फीनिक्सचे सन्स बघायला लागलो. ते आत्ता 48-10 आहेत, डोळ्यांना थंडावा.

परत वळलो तो टेटमच्या 51 मुळेच, गार्डनकर काहीही म्हणोत. आधीचे लागोपाठ 20 थ्री चुकलेला माणूस पुढच्या सामन्यात त्याच जागेवरून, त्याच बेफिकिरीने मारत राहतो, हे मला कोणत्याही स्कीमपेक्षा मोठं वाटतं.

कोचबाई (नाशिक)

गार्डनकरांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धंच. मी शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. बोस्टनचे तुकडे काढून त्यांना दाखवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हा संघ जवळपास प्रत्येक स्क्रीनवर स्विच करतो. म्हणजे समोरच्याने माझ्या वाटेत आपला माणूस आणून उभा केला, तर मी त्याला वळसा घालून धावत नाही. तुझा माणूस मी घेते, माझा तू घे. ऐकायला सोपं आहे. पण यात पाचपैकी एक जरी अर्धा सेकंद उशिरा ओरडली, तर दोघी एकीच्या मागे धावतात आणि दुसरी बास्केटखाली मोकळी उभी असते. नोव्हेंबरचे सामने आवाज वाढवून ऐका. बोस्टनचे खेळाडू एकमेकांकडे हात दाखवत उभे आहेत, बास्केट पडून गेलेलं आहे, आणि ‘तुझा होता की माझा’ चाललं आहे. माझ्या सातवीच्या मुली हुबेहूब हेच करतात.

जानेवारीत ते हात दाखवणं थांबलं. मला प्रगती दिसली ती तिथे. 8 जानेवारीला त्याच न्यूयॉर्कला 75 वर रोखलं, त्या आदल्या हृदयद्रावक प्रकारानंतर दोनच दिवसांनी. जेलन ब्राऊनने त्या सामन्यात कारकिर्दीतला पहिला ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात तीन प्रकारांत दोन आकडी कामगिरी) केला. सगळे त्याचे 22 गुण मोजत होते, मी 11 असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने बास्केट केलं असे पास) बघत होते. ज्याला पास येत नाही म्हणून नोव्हेंबरात जाहीर बोलणी खावी लागली, त्याचे 11 असिस्ट.

उडोकांबद्दल एक. मुख्य कोच म्हणून त्यांचं हे पहिलंच वर्ष. सॅन अँटोनिओमध्ये तिथले कोच पॉपोविच यांच्या हाताखाली तयार झालेले. खेळाडूंना ते पत्रकारांसमोर सरळ सुनावतात, आणि सुरुवातीला मला ते अजिबात आवडलं नव्हतं. मुलींशी असं वागले तर दुसऱ्या दिवशी निम्म्या येणार नाहीत. पण कोचने सिस्टीम एकदा ठरवली की पहिल्या दहा पराभवांत ती बदलायची नाही, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. 18-21 असतानाही स्विच सोडला नाही.

रताळ्याचा_कीस (श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स)

आमच्याकडे बाबा आलेत सांगलीहून. तरुणपणी कबड्डी खेळलेले, तेही जिल्हा पातळीवर. बास्केटबॉल म्हणजे नुसती उंच माणसांची पळापळ, असं त्यांचं मत होतं.

29 जानेवारीचं वादळ आठवत असेल. बोस्टनला दिवसभरात जवळपास दोन फूट बर्फ पडला. ड्राइव्हवे दिसेना, दारासमोर मांडीइतका ढीग, जाणार कुठे? रात्री न्यू ऑर्लीन्सचा सामना लावला. (नऊ विजयांची ती मालिका त्याच सामन्यापासून सुरू झाली, हे नंतर कळलं.) बाबा अर्धा वेळ पेपर वाचत होते. मग अचानक म्हणाले, “तो कोपऱ्यातला उंच पोरगा उगाच उभा नाही रे. चढाईवाला आत शिरायची वाट बघतोय. आत शिरला की साखळी मिटते.”

मी गार्डनकरांसारखे लेख इंग्रजीत वाचून जे समजून घेतलं होतं, ते बाबांनी एका सामन्यात पकडलं. आता रॉबर्ट विल्यम्सला आमच्या घरी ‘कोपरा’ म्हणतात. कोपऱ्याच्या पोटरीला काय झालंय, गुरुवारपर्यंत बरा होईल का, याची चौकशी माझ्यापेक्षा बाबाच जास्त करतात.

लेकर्स_फॉरेव्हर (अर्व्हाइन)

27-31. वेस्टब्रुक. अधिक लिहिण्याची इच्छा नाही. चालू द्या.

चाकण_ते_वोल्फ्सबुर्ग

चाकणच्या प्लँटमधून कंपनीने इकडे पाठवलं. इथून जवळ ब्राउनश्वाइग आहे, म्हणजे डेनिस श्रोडरचं गाव. तो सेल्टिक्सला गेला तेव्हा माझ्या टीमलीडने मला पहिल्यांदा बास्केटबॉलवर बोलतं केलं. त्याआधी आमचं संभाषण फक्त एक्सेल शीटबद्दल असायचं.

सामना इथे रात्री दीडला लागतो, त्यामुळे जे बघितलं ते रविवार दुपारचे सामने आणि बाकी हायलाइट्स. पण श्रोडरचं काय चुकत होतं ते त्यातूनही दिसायचं. माणूस वेगवान, धाडसी, एखाद्या रात्री एकट्याने सामना ओढणारा. आणि चेंडू हातात आला की दहा-बारा सेकंद त्याचाच. बाकी चौघे कंबरेवर हात ठेवून उभे. 10 फेब्रुवारीला त्याला ह्यूस्टनला पाठवलं आणि बदल्यात आणला डॅनियल थाइस. हासुद्धा इथलाच, झाल्त्सगिटरचा, आणि सेल्टिक्सचा जुना माणूस! टीमलीडला मी सांगायला गेलो की तुमचा एक गेला पण दुसरा आला, वाईट वाटून घेऊ नका. तो म्हणाला, झाल्त्सगिटर म्हणजे ब्राउनश्वाइग नव्हे. कोल्हापूरकराला सांगलीचं कौतुक सांगावं तसा चेहरा केला होता.

ऑरेंज_लाइन (मॉल्डन)

मी एकच सामना प्रत्यक्ष बघितला, 22 डिसेंबरचा, क्लीव्हलंडविरुद्धचा. निम्मा संघ कोविडमुळे बाहेर. माणसं कमी पडली म्हणून दहा दिवसांच्या करारावर जो जॉन्सनला बोलावलं होतं. वय वर्षं 40. सेल्टिक्सनेच त्याला 2001 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) घेतलं होतं, म्हणजे वीस वर्षांनी स्वारी माहेरी. शेवटची काही मिनिटं सगळं गार्डन (आपलं बोस्टनचं टीडी गार्डन) त्याच्या नावाने ओरडत होतं. तो आला, त्याने आपल्या त्या जुन्या संथ पद्धतीने डिफेंडरला डुलवलं आणि बास्केट केलं. आम्ही जिंकलोही.

प्रगती वगैरे मला त्यात काही दिसली नाही. पण मास्क लावून घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि जानेवारीत सगळे नावं ठेवत असताना मी सोडलं नाही याचं कारण तेच असावं.

सदाशिव_सॅक्रामेंटो (फॉल्सम, कॅलिफोर्निया)

मी सॅक्रामेंटो किंग्जवाला. हसून घ्या.

ऑक्टोबर 2019 मध्ये किंग्ज आणि इंडियानाचे पेसर्स मुंबईत खेळायला आले तेव्हा वरळीच्या डोममध्ये मी होतो. भारतातला एनबीएचा पहिला सामना, तोही ओव्हरटाइममध्ये गेलेला, 132-131. किंग्ज हरले, पण मालक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणून मी हा संघ धरला. पुढे नोकरीने नेमकं सॅक्रामेंटोजवळ आणून टाकलं. 2006 नंतर प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) न बघितलेल्या संघाशी असा माझा संबंध जुळला.

25 जानेवारीला तुमच्या गार्डनमध्ये आम्ही 128-75 हरलो. एका टप्प्यावर फरक 60 चा होता. टेटमचे 36, ब्राऊनचे 30, म्हणजे दोघांचे मिळून 66 आणि आमच्या पूर्ण संघाचे 75. तुम्ही लोक त्या सामन्याला ‘वळण’ म्हणता, माझ्यासाठी ती मंगळवारची संध्याकाळ होती.

पण बाहेरून बघणाऱ्याला दिसलं ते लिहितो. शेवटच्या क्वार्टरमध्ये, 50 च्या वर फरक असताना, तुमचे बदली खेळाडूसुद्धा कोपऱ्यातल्या शूटरकडे हात वर करून धावत होते. पुढे असूनही झोपायचं नाही, हे न्यूयॉर्कच्या त्या 25 गुणांनी शिकवलं असणार. आमच्याकडे काय झालं? दोन आठवड्यांनी आम्ही हॅलिबर्टनला विकून साबोनिसला घेतलं. हॅलिबर्टन, 21 वर्षांचा, संघाचा सगळ्यात गुणी पोरगा. ‘यांना एकत्र खेळू द्या, वेळ द्या’ असं बोस्टनमध्ये म्हणणारे शेवटी बरोबर ठरले, आमच्याकडे म्हणायची संधीच मिळाली नाही.

संत्रानगरी (नागपूर)

सगळे हार-तुरे घालून राहिले, तर मी जरा पाणी ओततो. 8 फेब्रुवारीला ब्रुकलिनला 126-91 मारलं म्हणता. भाऊ, त्यांचे तिन्ही तारे नव्हते: ड्युरंट जखमी, हार्डन बसलेला, कायरीला लस नसल्यामुळे घरच्या कोर्टवर बंदी. राहिलं कोण बे? फिलाडेल्फियाला 48 नी हरवलं, पण तिथेही ब्रुकलिनहून नुकताच आलेला हार्डन अजून उतरलाच नव्हता. मग दुसऱ्याच दिवशी घरी डेट्रॉइटने, तळातल्या डेट्रॉइटने, 112-111 हाणलं. स्मार्ट आणि रॉबर्ट नव्हते हे मान्य. पण मग दोन माणसं कमी झाली की तळातल्या संघाकडून हरणारा संघ प्लेऑफमध्ये काय करीन? ट्रेडमध्ये एवढे लोक पाठवून दिले की बेंचवर माणसं मोजायला एक हात पुरते.

गार्डनकर

@संत्रानगरी, मायामी, डेन्व्हर आणि अटलांटाला हरवलेलं तुम्ही सोयीस्कर विसरलात. बेंचचं मात्र पटतं. व्हाइट, ग्रँट विल्यम्स, थाइस, प्रिचर्ड. यात ग्रँट यंदा दर दहा थ्रींमागे चारच्या वर पाडतोय म्हणून भागतंय. 35 वर्षांच्या हॉर्फर्डला किती दामटणार, ही मलाही धास्ती आहे.

कोचबाई, गुरुवारसाठी एक विचारायचं होतं. ब्रुकलिनच्या नेट्सकडे आता थ्री मारणारा सेठ करी आलाय. रॉबर्टला मोकळा फिरू द्यायचा तर त्याला करीवर ठेवता येणार नाही. मग?

कोचबाई

करीवर स्मार्ट, घोटा बरा असला तर. नाहीतर व्हाइट. व्हाइट चेंडू अर्ध्या सेकंदाच्या वर हातात ठेवत नाही, हे सगळे बघतात. तो स्क्रीनवरून सुटून माणसाला परत कसा गाठतो ते बघा. रॉबर्टला मी नेट्सच्या ब्रूस ब्राऊनवर ठेवीन. तो कोपऱ्यातून मारत नाही, आत कापतो, आणि आत कापणारा रॉबर्टला हवाच असतो. त्यांचा सेंटर ड्रमंड, त्याला हॉर्फर्ड. श्रूजबरीच्या बाबांना विचारा, पटतंय का.

रताळ्याचा_कीस

विचारलं. म्हणाले, ब्राऊनवर ठीक आहे, पण डावा कोपरा की उजवा ते आधी सांगा.