मुलांच्या नाताळच्या मोज्यात रोजच्या वापराच्या वस्तू घातल्या तर चालतील का?

माहीमची_चिमणी

यंदा मुलांसाठी नाताळचा मोजा टांगायचा आहे. मुलगी 4 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. झाडाखालचं मोठं गिफ्ट वेगळं घेतलंय, मोज्यासाठी माणशी 500 रुपये धरलेत. बाजारात 'मोज्यात घालायला' म्हणून जे मिळतं (शिट्ट्या, प्लास्टिकचे चष्मे, चावीची बदकं) ते 26 तारखेला पलंगाखाली आणि 31ला कचऱ्यात जाणार. त्यापेक्षा दात घासायचा ब्रश, मोजे, पेन्सिली, रुमाल, पाण्याची बाटली असं घातलं तर? की मुलांची तोंडं पडतील? घरात मत असं आहे की सणाला खोडरबर कोण देतं!

दुसरं, वन बीएचके आहे. मोजा टांगायचा कुठे?

खोडरबर

नाव वाचून बाजू कळली असेलच. खुशाल द्या, पण निवडून.

मोज्याचं काम काय ते आधी बघा. मुलं पहाटे साडेपाचला उठतात, मोठं गिफ्ट सगळे उठल्यावरच उघडायचं असतं, आणि मधला अर्धा तास मोज्याने खेचायचा असतो. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: अंथरुणात बसल्या बसल्या, कुणालाही न उठवता, ही लगेच वापरून बघता येईल का? टॉर्च लगेच पेटतो, पास. चित्रांच्या चिकटपट्ट्या, म्हणजे जखमेवरच्या, पास. चार वर्षांची मुलं त्या बाहुलीला, आजोबांना, पलंगाच्या पायाला लावत सुटतात. नुसता पांढरा रुमाल नापास. त्याच रुमालाच्या कोपऱ्यात मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर रंगीत दोऱ्याने काढलंत की पास.

दुसरी अट अशी की वस्तू नेहमीपेक्षा एक पायरी वरची हवी. शाळेचे पांढरे मोजे तुम्ही एरवीही घेणारच, ते मोज्यात घातले तर मुलाला बरोबर कळतं. घरात घालायचे पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घ्या, मुलीसाठी तळव्याला रबरी ठिपके असलेले. गुळगुळीत लाद्यांवर साध्या मोज्यांनी मुलं धडाधड घसरतात.

वयाप्रमाणे बारकावे:

4 वर्षांसाठी तिकोनी जाड क्रेयॉन. गोल क्रेयॉन पलंगावरून गडगडत जातात आणि पहिल्याच दिवशी मोडतात. बोथट टोकाची कात्री, पण मुलगी डावखुरी असेल तर डावखुऱ्यांचीच. साध्या कात्रीत उजव्या हाताच्या दाबाने दोन्ही पाती एकमेकींवर घट्ट बसतात. तीच डाव्या हातात धरली की दाबाने पाती फाकतात, कागद कापला न जाता मध्ये दुमडतो, आणि घरातले म्हणतात मुलीला कात्री जमत नाही. दात घासायच्या ब्रशसोबत 2 मिनिटांचं वाळूचं घड्याळ घाला, म्हणजे ब्रशचाही खेळ होतो. पेस्ट या वयाला वाटाण्याएवढी पुरते, 3 वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी.

9 वर्षांसाठी शिशाची पेन्सिल (मेकॅनिकल) देणार असाल तर 0.7 घ्या. या वयाची मुलं दाबून लिहितात, 0.5चं शिसं दर ओळीला तुटतं आणि दुपारपर्यंत पेन्सिल कोपऱ्यात पडते. आधी शाळेत चालते का तेवढं विचारा. सोबत शिशाची डबी हवीच, नाहीतर चार दिवसांत तुमच्यामागे भुणभुण. टोकयंत्र धातूचं, पातं स्क्रूने बसवलेलं घ्या. प्लास्टिकच्या चित्रविचित्र टोकयंत्रांत पातं जरा तिरकं बसतं, मग लाकूड एका बाजूलाच सोललं जातं आणि शिसं आतल्या आत मोडतं.

भायखळा_फास्ट

मी विरोधी पक्षात. ब्रश, पेस्ट, साबण, वह्या हा वाण्याच्या यादीतला खर्च आहे. तो लाल कापडात गुंडाळल्याने भेट होत नाही. नऊ वर्षांचं पोर मूर्ख नसतं.

आणखी एक खोड सांगतो. नोव्हेंबरात रबर संपला की 'थांब, नाताळ आलाच' म्हणून मुलाला महिनाभर उसन्या रबरावर ठेवणारे पालक असतात. गरजेची वस्तू गरज पडली त्या दिवशी द्या, ती सणासाठी अडवून धरू नका. आणि टोमणा मारणारी वस्तू अजिबात नको: नखं खाणाऱ्याला नेलकटर, अक्षर वाईट असणाऱ्याला सुलेखनाची वही, वयात येणाऱ्या मुलाला फेसवॉश. सांताक्लॉजच्या तोंडून आईबाबाच बोलतायत हे लगेच ओळखू येतं.

माझं प्रमाण विचाराल तर सहा वस्तूंत कामाच्या दोन, खाऊ दोन, आणि निव्वळ चैन दोन. चैन म्हणजे पत्त्यांचा छोटा कॅट, भोवरा, गोट्या (मोठ्यासाठीच), स्टिकरचा कागद.

खोडरबर

भाफादादा, टोमण्याचं शंभर टक्के मान्य. प्रमाणाबद्दल थोडं भांडेन: चार वर्षांच्या मुलीला 'कामाची' आणि 'चैनीची' हा फरकच नसतो. तिला स्वतःचं नाव लिहिलेला साबणाचा डबा हीच चैन. वयाप्रमाणे तीन-तीन, दोन-चार करा. फक्त दोघांच्या मोज्यांत नगांची संख्या सारखी ठेवा. किंमत मुलं मोजत नाहीत, नग मोजतात.

शिलाईमशीन

टांगण्याचं आणि मोज्याचं माझ्याकडे.

तयार फेल्टचे मोजे बहुतेक 10-12 इंची असतात, शिवण गरम गोंदाने चिकटवलेली आणि वरचा फासही तसाच. संत्रं, टॉर्च, पेन्सिलींची डबी असं करत अर्ध्या किलोच्या पुढे वजन गेलं की फास निसटतो आणि रात्री दोनला धप्प आवाज येतो. घेतलाच तर फासाच्या जागी दुहेरी दोऱ्याचे दहा-बारा टाके मारा.

घरी शिवायला जुनी जीन्स किंवा जाड चादर उत्तम. पंचा-मलमल नको, पेन्सिलीचं टोक आरपार येतं. उंची 18 इंच, वरची रुंदी 7 इंच, शिवणीला सगळीकडे दीड सेंटीमीटर जादा. दोन तुकडे सुलट बाजू आत करून शिवा, मग टाच आणि चवड्याच्या वळणावर शिवणीपर्यंत छोट्या कापण्या द्या. त्या न देता उलटवलं तर चवडा गोळा होऊन बसतो आणि संत्रं आत जातच नाही. फासाला 15 सेंटीमीटर नाडी दुमडून टाचेच्या बाजूच्या शिवणीत धरा आणि तिथे मशीन तीनदा पुढे-मागे चालवा. फास टाचेच्या बाजूला असला की मोजा सरळ लोंबतो, चवडा पुढे राहतो.

टांगायचं कुठे: कपाटाच्या मुठीला किंवा पलंगाच्या दांडीला. खोलीच्या दाराच्या कडीला नको, रात्री कुणी उठलं की सगळं खणखणतं. खिडकीच्या ग्रिलला तर नकोच, बाहेरून मांजर आणि कबुतरं, सकाळी ऊन. चिकटवायचे हुक टाइलवर, काचेवर, सनमायक्यावर छान धरतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर ते रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. जागा कोरड्या फडक्याने पुसून हुक दाबून बसवा आणि निदान तासभर त्यावर वजन टाकू नका.

भरण्याचा क्रम: चवड्यात संत्रं, टाचेत सुट्टा खाऊ, नळीत लांब वस्तू उभ्या, तोंडाशी एखादी डोकावणारी गंमत. पाण्याची बाटली आत कोंबू नका, मोजा तिचाच आकार घेतो. खाली शेजारी ठेवा, गळ्यात रिबीन बांधून.

वांद्रे_लोकल

साबण आणि चॉकलेट एकाच मोज्यात टाकणाऱ्यांसाठी सूचना: चॉकलेटमधली चरबी वास ओढून घेते. रात्रभरात चॉकलेटला चंदनाचा वास आणि तशीच चव. साबण घालायचाच असेल तर झिपच्या पिशवीत बंद करून. चॉकलेट मुंबईत डिसेंबरच्या रात्री विरघळत नाही, मुंग्यांची भीती मात्र खरी. म्हणून खाऊ घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत घाला. ती डबी पुढे शाळेच्या मधल्या सुट्टीला उपयोगी पडते, म्हणजे तुमची एक कामाची वस्तू आपोआप झाली. कुलकुल (नाताळचा तळलेला गोड खाऊ) बटरपेपरच्या पुडीत आठ-दहा बसतात आणि कोरडी राहतात. मिल्क क्रीम (नाताळची दुधाची मऊ मिठाई) मोज्यात नको, दबून लगदा होतो, ती ताटातच शोभते.

चवड्यात संत्रं घालायची रीत कुठून आली? चौथ्या शतकातले मायराचे (आजच्या तुर्कस्तानातलं देमरे) बिशप संत निकोलस. त्यांची आख्यायिका अशी की एका गरीब बापाला तीन मुलींच्या लग्नाची सोय करता येईना, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप सोनं आत टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं. संत्रं हे त्या सोन्याच्या गोळ्याचं रूप. म्हणजे मोज्यातली पहिली भेटच घरात नड होती म्हणून आली होती, भाफादादा! नागपुरी संत्र्याचा हंगाम आहेच. साल सैल असली तरी चालेल, पण फळ दाबून बघा, पिलपिलीत असेल तर वरच्या वजनाने फुटतं.

खरेदी: स्टेशनरीला अब्दुल रहमान स्ट्रीट, सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने चालत. तिथे पेन्सिली, रबर डझनाने स्वस्त पडतात. बिल्डिंगमधल्या दोन-तीन घरांनी मिळून डझन फोडा. रविवारी त्या भागातली बरीच दुकानं बंद असतात. सजावट आणि लाल-पांढरे मोजे वांद्र्याच्या हिल रोडला मिळतील, पण नाताळच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, सकाळी अकराच्या आत जा.

बांधायला गिफ्टपेपरपेक्षा पतंगी कागद घ्या, संक्रांतीमुळे आत्ता सगळीकडे आहे. प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा. सहा पुड्या सोडवण्यातच पहाटेची पंधरा मिनिटं जातात. संत्र्याला मात्र तो कागद नको. ओल लागली की त्याचा रंग सुटतो, चादरीवर गुलाबी डाग पडतात.

रात्रपाळी

फक्त सुरक्षिततेचं. लुकलुकणाऱ्या अंगठ्या, चमकणारी किचेन, आवाज करणारी कार्डं यांत बटण-सेल असतो. 20 मिलिमीटरचा चपटा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. सेल 'संपलेला' असला तरी. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायला जाऊ नका, थेट एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. टॉर्च घ्याल तो ट्रिपल ए सेलचा, सेलच्या झाकणाला स्क्रू असलेला.

घरात 3 वर्षांखालचं मूल येणार-जाणार असेल तर 9 वर्षांच्या मोज्यातही गोट्या, छोटे लोहचुंबक, फुगे नकोत. खेळणं म्हणून जे विकलं जातं त्यावर आयएसआयची खूण बघा, 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे. ढिगातल्या सुट्ट्या मालावर ती सहसा नसते.

माहीमची_चिमणी

सगळ्यांचे आभार. यादी अशी झाली, बघा.

मुलगी: संत्रं, कुलकुलची डबी, ठिपक्यांचे मोजे, चित्रांच्या चिकटपट्ट्या, तिकोनी क्रेयॉन, नावाचं अक्षर काढलेला रुमाल.
मुलगा: संत्रं, चॉकलेटची डबी, टॉर्च, 0.7 पेन्सिल आणि शिसं, पत्त्यांचा कॅट, सायकलचं आकड्यांचं कुलूप.

मोजा जीन्सचा, कपाटाच्या मुठीला. बाटल्या रद्द.

खोडरबर

झकास. दोन दुरुस्त्या. क्रेयॉनसोबत कागद नसेल तर पहाटे साडेपाचला भिंत आहेच. ए-फोरचे पाच-सहा कागद गुंडाळी करून रबर लावून उभे घाला. आणि आकड्यांचं कुलूप आधी स्वतः उघडून बघा, बहुतेक शून्य-शून्य-शून्य-शून्यवर असतं. नवा आकडा लावायची पद्धत पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते. ते पाकीट फेकू नका, आणि आकडा बदलताना मुलासोबत बसा. अर्धवट फिरवून कळ सोडली तर कुठला आकडा लागला हे कुणालाच कळत नाही, मग 0000 ते 9999 शोधत बसावं लागतं.

भायखळा_फास्ट

टॉर्चचे सेल आधीच घालून ठेवा. स्क्रूड्रायव्हर शोधायला पहाटे तुम्हालाच उठवतील.