गाडी लागण्यावरची गोळी: घाटातील प्रवासापूर्वी एक शंका

शाहूपुरीकर, सातारा:
पुढच्या आठवड्यात आम्ही मेढा, केळघरमार्गे महाबळेश्वर आणि तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूर असा प्रवास स्वतःच्या गाडीने करणार आहोत. मला, माझ्या सत्तरीच्या वडिलांना आणि चार वर्षांच्या मुलीला गाडी लागते. दुकानातून अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिनची २५ मिलिग्रॅमची गोळी आणली आहे. ती तिघांनीही घेतली तर चालेल का? गाडी मीच चालवणार आहे. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास असून त्यांची रात्रीची झोपेची गोळीही चालू आहे.

जुना फार्मासिस्ट, कराड:
गाडी आपण चालवणार असाल तर ही गोळी आपण घेऊच नये. प्रोमेथाझिन हे जुन्या पिढीतील अँटिहिस्टामिन, म्हणजे मुळात अ‍ॅलर्जीवरचे औषध, मेंदूपर्यंत पोहोचते, त्यामुळे मळमळीबरोबर सावधपणाही कमी होतो आणि ही गुंगी काही जणांना दुसऱ्या दिवशीपर्यंत जाणवते. शिवाय पुढचे वळण कोणते हे आधीच ठाऊक असल्यामुळे चालवणाऱ्याला सहसा गाडी लागतही नाही.

खरी काळजी मला वडिलांची वाटते. या औषधाने तोंडाला कोरड पडते, नजर अंधुक होते आणि बद्धकोष्ठता होते, हे एक वेळ सोसता येते. परंतु प्रोस्टेट वाढलेले असताना लघवी पूर्णपणे तुंबू शकते आणि विशिष्ट प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढू शकतो. त्यात झोपेच्या गोळीची भर पडली, तर तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे असे प्रकार या वयात घडतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका. मद्य तर कोणीही बरोबर घेऊ नये.

कुंभार्लीची प्रवासी, सांगली:
मुलीबद्दल लिहिते. दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावण्याचा धोका असल्याने त्यांना प्रोमेथाझिन देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ साली या औषधावर छापला गेला. आपली मुलगी त्याहून मोठी असली, तरी ही गोळी पाच वर्षांखालील मुलांसाठी सुचवली जात नाही, म्हणून अर्धी-पाव करून देण्याचा मोह टाळा. काही मुले गोळीने पेंगण्याऐवजी उलट चिडचिडी आणि अस्वस्थ होतात, हेही लक्षात असू द्या. तिच्या हाती मोबाइल देऊ नका, बाहेरचे दूरवर दिसेल असे बसवा आणि निघताना हलकेच खायला द्या.

शाहूपुरीकर, सातारा:
मनःपूर्वक आभार. घरात ऑनडान्सेट्रॉन शिल्लक आहे. ते वडिलांना चालेल का?

जुना फार्मासिस्ट, कराड:
ते केमोथेरपीनंतरच्या किंवा पोट बिघडल्यामुळे होणाऱ्या उलट्यांवर चांगले आहे, पण गाडी लागण्यावर त्याचा विशेष उपयोग होत नाही, कारण येथे बिघाड कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येणाऱ्या संदेशांचा असतो. डॉक्टरांनी वडिलांना दुसरी एखादी गोळी लिहून दिलीच, तर ती निघण्यापूर्वी किती वेळ आधी घ्यायची तेही विचारून घ्या. केळघरच्या वळणांवर उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकतच नाही.