‘स्ट्रीमलाइन्ड’ इमारतीला मराठीत काय म्हणाल?

शिवाजी पार्कच्या आसपासच्या जुन्या आर्ट डेको (१९३०-४०च्या सुमाराची, गोल कोपरे आणि आडव्या रेघांची शैली) इमारतींचे फोटो काढतोय. २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह आले, दादर नाही. इकडे पुनर्विकास जोरात, म्हणून घाई. फोटोंखालच्या ओळी मराठीत हव्यात. ‘स्ट्रीमलाइन्ड’ला ‘सुव्यवस्थित’ म्हटलं तर कपाट आवरल्यासारखं वाटतं. आणि ‘डॉक्युमेंटरी फोटोग्राफी’ला ‘दस्तऐवजी छायाचित्रण’ म्हटलं की मला रजिस्ट्रारच्या कचेरीतली रांगच दिसते. सुचवा काहीतरी.

— शाळेत माशाचं शरीर ‘दोन्ही टोकांना निमुळतं’ असं शिकलो, ते स्ट्रीमलाइन्डच. पण तुमच्या इमारती निमुळत्या कुठे असतात? चांगल्या ऐसपैस असतात.

— ‘ओघवती’ घ्या. ओघवती भाषा म्हणतोच की आपण. ही शैली वेगाच्या वेडातून आली. जहाज, विमान, आगगाडी यांना वारा कापायचा असतो म्हणून गोलाई. इमारत जागची हलत नाही, तरी तिला तोच घाट दिला. आरसीसीमुळे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमुळे, कोपरा असा वळवणं सोपं झालं. मरीन ड्राइव्हवर गजानन म्हात्रे यांची ‘सूना महल’ (१९३७) आहे, तिचा कोपरा बघा. आडव्या रेघा वळणावर कुठे अडखळत नाहीत.

— ताई, ‘ओघवती’ एकदा वापरायला छान. दहा फोटोंखाली तेच आलं तर जाहिरात वाटेल. त्यापेक्षा भागांची नावं लिहा. खिडकीवरून सलग फिरलेला सिमेंटचा पट्टा म्हणजे छज्जा, मिस्त्री हेच म्हणतो. इंग्रजीत त्याला ‘भुवई’ म्हणतात, ती इकडे आणू नका. सज्जा वेगळा, तिथे माणूस उभा राहतो. ‘दस्तऐवज’ मात्र ठेवा. आमच्या सोसायटीत मूळ नकाशा कुणालाच सापडत नाही. उद्या तुमचा फोटोच कागद म्हणून दाखवावा लागेल.

— पटलं. दस्तऐवज राहू दे. कालच्या फोटोखाली हे लिहिलंय, बघा जमतंय का: ‘कोपऱ्यावरचे गोल सज्जे, तीन मजले. दुसऱ्यावर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्याने वळण मोडलंय. तिसऱ्यावर शाबूत, कठड्यावर गोधडी वाळतेय. मागे टॉवरची हिरवी जाळी.’

— ‘शाबूत’च्या आधी ‘अजून’ घाला.