४१६४१६ : सांगलीचा पिनकोड आणि कापरेकरांची हर्षद संख्या

काहीजण म्हणतात की सांगलीच्या ४१६४१६ या पिनकोडला १००१ ने भाग जातो, पण त्यापलीकडे त्यात विशेष काही नाही. मला हे पटत नाही.

१००१ चं कारण सोपं आहे : ४१६००० अधिक ४१६, म्हणजे ४१६ × १००१. कुठलीही तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिली की हे होणारच, आणि १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे या तिघांनीही भाग जाणारच. खरी गंमत ४१६ मध्ये आहे. ४१६ = ३२ × १३, म्हणजे १३ दुसऱ्यांदा आला! पूर्ण फोड अशी : २⁵ × ७ × ११ × १३². सव्वाचार लाखांच्या घरातली संख्या, पण तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव फक्त १३. विभाजक ७२. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ६९०३६८, संख्येपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ही विपुल संख्या.

आता अंकांची बेरीज करा : ४+१+६+४+१+६ = २२. आणि २२ × १८९२८ = ४१६४१६, बाकी शून्य! अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नाव दिलं गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी. देवळालीच्या शाळेत शिकवत त्यांनी हे सगळं केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

हा गुण सगळ्याच पिनकोडांत नसतो. मिरजेच्या ४१६४१० ची बेरीज १६, पण भाग जात नाही. साताऱ्याच्या ४१५००१ ची बेरीज ११, आणि ११ ने भागलं तर बाकी ४ उरते.